चक्रीवादळानंतर सुंदरबनच्या बेटांवरील शाळांना मदत करताना: पूर्वतयारी, कामांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

बंगालच्या उपसागरातले वादळ सुंदरबनवर आदळल्याची बातमी आली, की आपल्याकडील सोसायट्या, गणेश मंडळे आणि माजी विद्यार्थ्यांचे गट दोन दिवसांत वह्या, दप्तरे, कपडे आणि बिस्किटांचे खोके गोळा करतात, आणि ते पोहोचवायचे कसे याचा विचार त्यानंतर सुरू होतो. हा क्रमच उलटा आहे. आधी शाळा ठरवायची, तिला काय हवे ते विचारायचे, मग पैसे उभे करायचे आणि वस्तू शक्यतो तिकडेच विकत घ्यायच्या. या क्रमात एक पायरी जरी पुढेमागे झाली, तरी खर्च वाढतो आणि शाळेच्या हाती फारसे काही पडत नाही.

पुढील टप्पे पश्चिम बंगालमधील दक्षिण आणि उत्तर २४ परगणा जिल्ह्यांतल्या वस्तीच्या बेटांसाठी आहेत: गोसाबा, सागर, मौसुनी, घोरामारा, पाथरप्रतिमा आणि हिंगलगंजचा परिसर. शोध, सुटका आणि पहिल्या आठवड्यातील अन्नवाटप ही प्रशासनाची कामे असून बाहेरच्या हौशी गटाने त्यांत पडू नये. आपले काम साधारण दुसऱ्या आठवड्यात सुरू होते आणि पुढच्या जानेवारीपर्यंत चालते. तेवढी तयारी नसेल तर निधी एखाद्या अनुभवी, नोंदणीकृत संस्थेकडे सोपवणे अधिक प्रामाणिक ठरेल.

टप्पा १: तिथले वर्षाचे वेळापत्रक समजून घ्या

पश्चिम बंगालच्या सरकारी शाळांचे वर्ष जानेवारीत सुरू होऊन डिसेंबरात संपते. आपल्या डोक्यात जून म्हणजे नवे वर्ष असे पक्के बसलेले असल्यामुळे मे अखेरच्या वादळानंतर इकडून नव्या वर्षाचे संच रवाना होतात. प्रत्यक्षात त्या मुलांचे वर्ष अर्ध्यावर आलेले असते. पाण्यात जातात ती चालू इयत्तेची पाठ्यपुस्तके आणि चार-पाच महिन्यांचे लिहिलेले काम, आणि वार्षिक परीक्षा वर्षअखेरीस ठरलेलीच असते.

आयला (२५ मे २००९), अम्फान (२० मे २०२०), यास (२६ मे २०२१) आणि रेमल (२६ मे २०२४) ही चारही वादळे मेच्या अखेरच्या दिवसांतली आहेत. तिथे मोसमी पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोहोचतो, म्हणजे वादळ आणि पावसाळा यांच्यामध्ये जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. एवढ्या वेळात पक्के छप्पर होत नाही, म्हणून आता ताडपत्री आणि पक्के काम पावसाळ्यानंतर, अशी विभागणी पहिल्याच दिवशी करून ठेवावी. वादळ नोव्हेंबरातले असेल, जसे २०१९ चे बुलबुल होते, तर हिशेब बदलतो: पावसाची घाई नसते, पण परीक्षा तोंडावर आलेली असते आणि वह्या-पुस्तकांचे काम सर्वांत आधी येते.

टप्पा २: एक शाळा, एक संपर्क

पाच शाळांना थोडेथोडे देण्यापेक्षा एका शाळेचे काम पूर्ण करावे. निवड करताना जेट्टीजवळची, रस्त्यालगतची शाळा टाळावी, कारण तिथे इतरांची मदत आधी पोहोचलेली असते. पहिला फोन मुख्याध्यापकांना, दुसरा त्या भागाच्या शाळा-उपनिरीक्षकांच्या कार्यालयात (तिकडे सगळे नुसते ‘एसआय ऑफिस’ म्हणतात) आणि तिसरा गटविकास अधिकारी म्हणजे बीडीओ यांच्याकडे. ग्रामपंचायतीच्या प्रधानांनाही कळवावे. परवानगीचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी त्याच शाळेसाठी सरकारी दुरुस्ती मंजूर झाली आहे का, हे या फोनांतूनच समजते.

संभाषण बंगालीत होईल अशी व्यवस्था करावी. शिक्षकांना हिंदी बहुधा समजते, पण पालक आणि शाळा समितीचे सदस्य आपली खरी अडचण परक्या भाषेत सांगत नाहीत, होकार देऊन मोकळे होतात. कोलकात्यात वाढलेली मराठी मंडळी या कामाला फार उपयोगी पडतात.

विचारायचे प्रश्न आधी लिहून काढावेत. शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक) कोणता? पटावर किती मुले आहेत, इयत्तावार? पाणी वर्गात किती उंच चढले होते आणि किती दिवस राहिले? ते खारे होते का? इमारतीत सध्या लोक आसऱ्याला राहत आहेत का? छप्पर पत्र्याचे आहे, सिमेंटच्या पत्र्याचे की स्लॅबचे? प्रवेशनोंदीचे रजिस्टर सुरक्षित आहे का? कूपनलिका चालू आहे का? मध्यान्ह भोजन कधीपासून सुरू होणार? आणि शेवटी, जो प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत: कोणती मदत नको आहे?

सावधान: वादळानंतर शाळेची पक्की इमारत हाच गावाचा निवारा असतो. कुटुंबे अजून वर्गांत राहत असताना फक्त विद्यार्थ्यांसाठी वाटप करू नये. उपाशी लहान भावंडांसमोर पटावरच्या मुलांना खाऊ देणे सगळ्यांनाच अवघड जाते.

टप्पा ३: पैशाची बाजू आधी नीट करा

तुमच्या मंडळाची न्यास म्हणून नोंदणी नसेल, तर लोकांकडून वर्गणी गोळा करण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सवासाठी घेतलेली परवानगी या कामाला चालेल असे गृहीत धरू नये. ज्या देणगीदारांना ‘८०-जी’ची आयकर सवलत हवी आहे, त्यांना तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: पावती तशी मान्यता असलेल्या संस्थेचीच लागते, दोन हजार रुपयांवरील रोख देणगीला सवलत मिळत नाही, आणि वस्तुरूप देणगीला तर ती मुळीच नाही.

सर्वांत मोठा घोळ परदेशातून येणाऱ्या पैशात होतो. परदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० नुसार परकीय नागरिकाची देणगी फक्त त्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते, आणि ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच जमा व्हावी लागते. भारतीय पारपत्र कायम असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी अंशदान ठरत नाही. ज्याने परकीय नागरिकत्व घेतले आहे, त्याची देणगी मात्र ‘ओसीआय’ (भारतीय वंशाच्या परकीय नागरिकांना मिळणारे) कार्ड असले तरी परदेशी धरली जाते. न्यू जर्सीतला मावसभाऊ यांपैकी कोणत्या गटात बसतो, हे त्याला खाते क्रमांक देण्याआधी विचारावे. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेले परदेशी अंशदान दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणून ‘आमच्या ओळखीच्या संस्थेत जमा करू आणि ती पुढे पाठवेल’ हा मार्ग बंद समजावा.

पडताळणी: शाळेला रक्कम द्यायची असेल तर ती शाळेच्या अधिकृत खात्यातच जावी, कोणा शिक्षकाच्या वैयक्तिक खात्यात नको. शक्य तिथे सामानाच्या दुकानदाराला थेट बिलावर पैसे द्यावेत.

टप्पा ४: काय घ्यायचे आणि कुठे घ्यायचे

महाराष्ट्रातून ट्रक पाठवू नये. गोसाबाकडे जायचे असेल तर कॅनिंगला आणि सागर किंवा पाथरप्रतिमेच्या बाजूला जायचे असेल तर काकद्वीपला खरेदी करावी. भाडे वाचतेच, शिवाय वादळात गिऱ्हाईक गमावलेली तिथली दुकाने उभी राहायला हातभार लागतो. माल बदलून घ्यायची वेळ आली, तर तेही जवळच्या दुकानातच जमते.

अन्नधान्य द्यायचेच असेल तर उकडा तांदूळ, मसूर डाळ, मोहरीचे तेल, मुरमुरे, पोहे आणि गूळ. सुंदरबनमध्ये रोजचा भात उकड्या तांदळाचा असतो. आपला कोलम, गव्हाचे पीठ किंवा शेंगदाणा तेल नेण्यात आपली हौस अधिक आणि त्यांची सोय कमी. मुरमुरे-पोहे-गुळाचे महत्त्व असे, की ते शिजवावे लागत नाहीत. चूल ओली आणि गोडे पाणी दूर, अशा दिवसांत नूडल्सची पाकिटे निरुपयोगी असतात.

पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तके राज्य सरकार मोफत देते. बुडालेल्या पुस्तकांची इयत्तावार यादी करून ती मुख्याध्यापकांच्या सहीने उपनिरीक्षक कार्यालयात लवकर पोहोचवण्यास मदत करणे, हे पुस्तके विकत घेऊन देण्यापेक्षा चांगले. आपला पैसा वह्या, बॉलपेन, वर्गातले काळे फळे, खडू आणि नववीपासून पुढच्या पुस्तकांसाठी ठेवावा. वह्या कोणत्या आखणीच्या हव्यात, हे शिक्षकांना विचारूनच घ्याव्यात.

जुने कपडे नेऊ नयेत. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले होते, आणि प्रत्येक आपत्तीत तेच पुन्हा घडते. बूटही नकोत, तिथल्या चिखलात चपलाच चालतात. बाटलीबंद पाण्याचे खोके पाण्याहून जास्त कचरा नेतात, आणि बेटावर तो उचलून नेणारे कोणी नसते.

एक वस्तू मात्र आवर्जून घ्यावी: घट्ट झाकणाची, आवळपट्टी असलेली प्लास्टिकची निळी पिंपे. शाळेची कागदपत्रे ठेवायला लोखंडी पेटी दिली जाते आणि खारी हवा काही वर्षांत तिला खाऊन टाकते. पिंप गंजत नाही, आणि पुढच्या इशाऱ्याच्या वेळी दोघांना उचलून वरच्या मजल्यावर नेता येते.

टप्पा ५: वाहतूक आणि भरती-ओहोटी

गोसाबासाठी कॅनिंगहून गाडीने गोदखाली घाट आणि तिथून नाव. सागर बेटासाठी काकद्वीपच्या लॉट नंबर आठवरून फेरीने कचुबेरिया. पुढे बेटावर विटांच्या अरुंद रस्त्यांवरून इंजिन लावलेली सायकल-व्हॅन किंवा टोटो (विजेवरची रिक्षा) चालते, ट्रक नाही. म्हणजे प्रत्येक नग किमान चार वेळा हाताने उचलला जातो: ट्रकमधून घाटावर, घाटावरून नावेत, नावेतून धक्क्यावर आणि धक्क्यावरून व्हॅनवर. कोणताही नग १५ ते २० किलोंपेक्षा जड नसावा आणि प्रत्येकावर शाळेचे नाव बंगालीत लिहिलेले असावे. आतून जाड प्लास्टिकची पिशवी आणि बाहेरून गोणपाट, हे पुठ्ठ्याच्या खोक्यापेक्षा कितीतरी बरे. पुठ्ठा पहिल्या सरीतच विरघळतो.

ओहोटीला धक्का आणि नाव यांच्यात गुडघाभर चिकट गाळाचा उतार उघडा पडतो, आणि लहान खाड्यांत तर नाव शिरतच नाही. त्यामुळे सामान उतरवण्याची वेळ घड्याळ बघून नव्हे, तर पाणी बघून ठरते. कोकणातल्या वाचकांना तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची सवय असेल. तो हिशेब इथे लावू नये, कारण समुद्रापासून जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोहोचते आणि प्रत्येक घाटाची वेळ वेगळी असते. आदल्या दिवशी नावाड्याला विचारावे आणि तो सांगेल ती वेळ पाळावी.

सावधान: पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात, विशेषतः बांध फुटलेला असताना, सामान नेऊ नये. यास वादळ नेमके पौर्णिमेच्या दिवशी आले आणि वाऱ्यापेक्षा बांधावरून आत शिरलेल्या पाण्यानेच अधिक नुकसान झाले. बांधाची तात्पुरती डागडुजी झालेली असते, तेव्हा पुढच्या उधाणात तोच भाग पुन्हा बुडू शकतो. अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, म्हणजे भरती कमी चढते ते दिवस निवडावेत.

टप्पा ६: शाळेत पोचल्यावर पहिले काम कागदपत्रांचे

फावडी आणि झाडू हाती घेण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. भिंतीवर पाणी जिथपर्यंत चढले होते, ती रेघ तैलरंगाने आखून तारीख लिहावी. साफसफाई आणि चुना झाला की ती खूण नाहीशी होते, आणि पुढची कपाटे, विजेची बटणे व कूपनलिकेचा ओटा किती उंच हवा हे ठरवायला तोच एक भरवशाचा पुरावा असतो. दुसरे, भिजलेली रजिस्टरे बाजूला काढावीत. प्रवेशनोंदीचे रजिस्टर सर्वांत महत्त्वाचे, कारण अनेक मुलांच्या जन्मतारखेचा हाती असलेला पुरावा तेवढाच असतो.

उघडता येतील त्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, तेही धुण्यापूर्वी, कारण शाईच्या पेनाची आणि जेलची अक्षरे पाण्यात उतरतात. बॉलपेनचे लिखाण बहुधा टिकते. त्यानंतर रजिस्टर मिटलेलेच ठेवून गोड्या पाण्यात हलक्या हाताने बुडवून काढावे. ही पायरी लोक टाळतात आणि नेमके इथेच चुकते: कागदात राहिलेले मीठ हवेतला ओलावा ओढत राहते, रजिस्टर वाळल्यासारखे दिसते आणि पावसाळ्यात पुन्हा ओले होऊन बुरशी धरते. पानांमध्ये कोरा शोषक कागद घालून सावलीत, वाहत्या हवेत वाळवावे आणि कागद बदलत राहावेत. कडक उन्हात ठेवल्यास पाने आखडून एकमेकांना चिकटतात. एकजीव झालेली पाने ओढून सोडवू नयेत.

टप्पा ७: पाणी

क्लोरीनच्या गोळ्या जंतू मारतात, खारेपणा घालवत नाहीत. दोन्ही प्रश्न वेगळे असून त्यांची तपासणीही वेगळी करावी लागते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे हातातले छोटे टीडीएस मीटर बरोबर न्यावे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० ही कमाल मर्यादा आहे. त्यावर आकडा गेला तर ते पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी पिण्यासाठी नाही.

कूपनलिकेचे तोंड बुडाले असेल, तर पाणी स्वच्छ येईपर्यंत उपसावे, मग ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक करावे आणि आरोग्य विभागाकडून तपासून घ्यावे. शाळेच्या तळ्यात खारे पाणी शिरले असेल तर मेलेले मासे आणि कुजलेला पाला आधी काढावा, ओहोटीच्या वेळी पंप लावून पाणी खाडीत सोडावे, तळाला चुना टाकावा आणि पावसाच्या पाण्याने तळे भरू द्यावे. हे काम मोसमी पावसाआधीच झाले पाहिजे. एकदा पाऊस त्या खाऱ्या पाण्यात मिसळला की वर्ष गेले. उपसलेले पाणी शेजाऱ्याच्या भातखाचरात जात नाही ना, हे पंप सुरू करण्याआधी बघावे, नाहीतर शाळेच्या मदतीतून गावात भांडण उभे राहते.

सावधान: साफसफाईत उघडे हात बाकांखाली आणि विटांच्या ढिगांत घालू नयेत. पुरानंतर साप कोरड्या जागी येतात, आणि या भागात नाग व मण्यार दोन्ही आहेत. मण्यारीचा दंश अनेकदा दुखतही नाही. संशय आला तरी थेट सरकारी रुग्णालय गाठावे. त्यासाठी रात्रीची नाव कोण चालवतो, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे.

टप्पा ८: छप्पर आणि भिंती

सध्याची ताडपत्री बांबूच्या पट्ट्यांखाली दाबून बांधावी, नुसते खिळे मारल्यास ती पहिल्या वाऱ्यात फाटते. फुटलेल्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते ओले करून, मास्क लावून उचलावेत. मुलांना या कामाला लावू नये.

पक्के काम ऑक्टोबरनंतर सुरू करावे आणि गवंड्याशी बोलताना पुढील गोष्टींवर आग्रह धरावा. पत्र्याचे हुक रबरी वॉशरसह, पन्हळीच्या उंच भागावर बसवावेत. कडेच्या, वळचणीच्या आणि आढ्याच्या ओळींत ते अधिक जवळजवळ हवेत, कारण वारा पत्रा उचलतो तो कडेपासून. वळचण दीड फुटापेक्षा जास्त बाहेर काढू नये. व्हरांड्याचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवावे, म्हणजे व्हरांडा उडाला तरी तो वर्गाचे छप्पर सोबत नेत नाही. छपराला आधार देणाऱ्या त्रिकोणी कैच्या भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी बांधलेल्या असाव्यात. २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीत ज्यांनी शाळांचे पत्रे पुन्हा बसवले, त्यांना यातले बरेच काही ठाऊक असेल. इथे त्यात खाऱ्या पाण्याची भर पडते. खाडीची वाळू आणि खाडीचे पाणी काँक्रीटमध्ये वापरले तर आतले लोखंड काही वर्षांत फुगून स्लॅब फोडते. वाळू मुख्य भूमीवरून आणावी आणि गोड्या पाण्याची सोय झाल्याशिवाय काम सुरू करू नये. सिमेंट आठवड्याला पुरेल इतकेच न्यावे आणि फळ्यांवर रचावे.

भिजलेल्या भिंतींना लगेच गिलावा किंवा रंग देऊ नये. मीठ पांढऱ्या बुरशीसारखे बाहेर येत राहते. ते कोरडेच झाडून काढावे, भिंत एक हिवाळा वाळू द्यावी आणि मग चुना मारावा. उद्घाटनाच्या छायाचित्रासाठी रंगवलेली भिंत पुढच्या पावसाळ्यात सोलवटते.

टप्पा ९: न आलेली मुले

वर्ग सुरू झाल्यावर पट आणि हजेरी यांतील फरक दर आठवड्याला शिक्षकांकडून समजून घ्यावा. वादळानंतर शेत खारवते, बाप कामासाठी परराज्यात जातो, मोठा मुलगा त्याच्यामागे जातो आणि आठवी-नववीतल्या मुलीचे लग्न ठरू लागते. राज्य सरकारच्या कन्याश्री योजनेत १३ ते १८ वयाच्या अविवाहित विद्यार्थिनीला वर्षाला एक हजार आणि अठरा पूर्ण झाल्यावर एकरकमी पंचवीस हजार रुपये मिळतात, पण जन्मदाखला किंवा बँकेचे पुस्तक वाहून गेले की अर्ज अडतो. दाखले पुन्हा काढून देण्यासाठी बीडीओ कार्यालयात दोन दिवसांचे शिबिर भरवणे, याला दप्तरे वाटण्यापेक्षा खर्च कमी येतो. बालविवाह किंवा मूल बाहेर नेले जात असल्याचा संशय असेल तर स्वतः चौकशीला जाऊ नये, शिक्षकांमार्फत १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवावे.

पडताळणी: हातात पाकीट धरलेल्या मुलांची छायाचित्रे देणगीदारांना पाठवू नयेत. बिले, वाळलेली रजिस्टरे आणि छपराच्या हुकांची छायाचित्रे पुरेशी आहेत.

टप्पा १०: हिशेब आणि जानेवारीची फेरी

प्रत्येक खर्चाच्या बिलाची एक प्रत शाळेत, एक तुमच्याकडे. शाळा समितीच्या बैठकीत हिशेब बंगालीत वाचून दाखवावा आणि बैठकीच्या नोंदवहीत त्याची नोंद करून घ्यावी. नावाड्यांच्या आणि हमालांच्या पावत्या बहुधा मिळत नाहीत, तिथे नाव, तारीख, रक्कम आणि सही किंवा अंगठा असलेले साधे व्हाउचर चालते.

दुसरी फेरी जानेवारीत, नवे प्रवेश सुरू असताना करावी. मेमध्ये पटावर असलेली किती मुले पुढच्या इयत्तेत दाखल झाली, हे तेव्हाच कळते. त्याच फेरीत छपराचे हुक, कूपनलिकेच्या पाण्याचा टीडीएस आणि पिंपांची झाकणे तपासावीत. उरलेली रक्कम शाळेच्या खात्यात ‘वादळपूर्व डागडुजी’ अशा नोंदीने ठेवावी आणि सैल हुक आवळणे, वॉशर बदलणे व रजिस्टरे पिंपात भरणे ही कामे दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कोण करणार, त्या व्यक्तीचे नाव समितीच्या ठरावातच लिहून घ्यावे.